‘हे खरे नाही’ : कोकणातल्या एका आमदाराच्या प्रश्नांचं प्रकरण

दक्षिण कोकणातल्या एका किनारी मतदारसंघाच्या आमदारांनी मासेमारी, वीज आणि खाडीतल्या एका बेटाच्या सोयी या तीन गोष्टींवर विधानसभेत सरकारला प्रश्न विचारले. काही प्रश्नांचं काम झालं, काहींचं अर्धवट झालं, काही वाया गेले. कोणतं आयुध कुठे चाललं आणि कुठे बोथट निघालं, एवढंच या टिपणात पाहायचं आहे. आमदार, पक्ष, तालुका, बेट आणि संबंधित कार्यालयं यांची नावं काढली आहेत, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. कायदे, त्यांच्या तारखा आणि सभागृहाच्या कामकाजाचे नियम मात्र आहेत तसेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

मतदारसंघात पाच-सहा लहान बंदरं, आत घुसलेली एक मोठी खाडी आणि खाडीच्या पोटात एक जुवं, म्हणजे लहानसं बेट. शंभरेक उंबरे, एक देऊळ, चौथीपर्यंतची शाळा, माडाच्या बागा आणि चारी बाजूंना तिवरांची दाटी. ग्रामपंचायत काठावरच्या गावाची. रेशनचं दुकान, दवाखाना, हायस्कूल सगळं काठावर. मधे खाडी, आणि ती ओलांडायला एक फायबरची होडी. ती चालवणाऱ्या म्हाताऱ्यांना सगळे तात्या म्हणतात.

मे २०२१ च्या तौक्ते वादळात खाडीवरून जुव्याकडे जाणारी वीजवाहिनी कोसळली. वीज कंपनीच्या माणसांनी भर पावसाळ्याच्या तोंडावर होड्यांतून सामान नेऊन तात्पुरती जोडणी करून दिली. हे काम चांगलं झालं होतं, ते मान्यच करायला हवं. अडचण पुढे झाली. तात्पुरतं होतं तेच कायमचं होऊन बसलं. संध्याकाळी सात वाजले, की दाब इतका उतरायचा की विहिरीवरचा पंप उचलतच नसे.

समुद्रावर वेगळंच दुखणं होतं. या पट्ट्यात किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणकर आहेत, पाण्यात उभं जाळं लावणारे गिलनेटवाले आहेत, जाळं ओढत नेणारे ट्रॉलर आहेत आणि मोठ्या जाळ्याने मासळीचा थवाच घेरणारे पर्ससीनवालेही आहेत. पर्ससीनवर राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने निर्बंध घातले आणि हंगाम १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच ठेवला. प्रखर दिवे लावून मासळी गोळा करण्याच्या पद्धतीवर, म्हणजे एलईडी मासेमारीवर, केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी आणली. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा होऊन दंडाची रक्कम लाखांत गेली. कागद भक्कम आहे. तरी रात्री किनाऱ्यावरून पाहिलं, की क्षितिजावर दिव्यांची रांग दिसायची, आणि दुसऱ्या दिवशी गिलनेटवाल्याच्या जाळ्यात बांगडा नसायचा.

तिसरा प्रश्न पैशांचा. यांत्रिक नौकांना डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराचा परतावा मिळतो. मच्छीमार पंपावर पूर्ण भाव देऊन डिझेल भरतो, सोसायटी बिलं गोळा करून प्रस्ताव पाठवते, मग परतावा येतो. तो ‘मग’ कधी महिन्यांचा असतो, कधी वर्षापलीकडे जातो. या बंदरांतल्या सोसायट्यांची आधीच्या आर्थिक वर्षाची रक्कम अडकली होती.

अडचण कुठे होती

तक्रारी तीन होत्या, पण निवेदनं घेऊन येणारी माणसं बहुतेक वेळा तीच. जुव्यावरच्या घरातला मुलगा गिलनेटच्या होडीवर खलाशी असतो. डिझेलचा परतावा अडकला की त्याची मजुरी अडकते. रात्री दाब नसला की बर्फाच्या पेटीचा उपयोग नसतो. त्याच्या दृष्टीने हा एकच संसार, एकच अडचण.

सरकारच्या दृष्टीने ती तीन मंत्र्यांची कामं होती. जुव्याला होडी लावायला हवा असलेला धक्का धरला तर चार.

आमदारांनी पहिल्या अधिवेशनात अर्थसंकल्पावरच्या चर्चेत बोलायची संधी मिळताच हे सगळं एका दमात मांडलं. भाषण चांगलं झालं. त्याची चित्रफीत मतदारसंघातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप गटावर फिरली. उत्तराच्या भाषणात त्यातल्या एकाही मुद्द्याला स्पर्श झाला नाही. याचं फारसं आश्चर्य वाटू नये. तीन खात्यांना उद्देशून केलेलं भाषण म्हणजे पत्ता न लिहिलेलं पाकीट.

मग कार्यालयाने लेखी प्रश्न टाकला. त्यातही तिन्ही विषय कोंबले होते. छाननीत मासेमारी आणि धक्का गळाले, वीज तेवढी उरली. प्रश्न असा छापून आला:

“(१) मौजे … या बेटावरील वीजपुरवठा चक्रीवादळापासून बंद आहे, हे खरे आहे काय; (२) असल्यास, तो सुरळीत करण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे; (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?”

उत्तर दोन ओळींचं होतं: “(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.”

बेटावर संताप झाला. पण छापील उत्तर खोटं नव्हतं. वीजपुरवठा बंद नव्हताच. देवळासमोर बसलेल्या एका बाईंनी आमदारांना जे सांगितलं होतं ते असं होतं: “लाईट आसा हो भाई, पन पंखो फिरना नाय.” त्या वाक्यात सगळी वस्तुस्थिती होती. ती मुंबईला पोहोचेपर्यंत ‘वीज बंद’ झाली, आणि खात्याला एका शब्दात सुटायची वाट मिळाली. उत्तर तयार करणारा कक्ष अधिकारी प्रश्नातलं पहिलं विधान क्षेत्रीय कार्यालयाकडून पडताळून घेतो. ते विधान थोडं जरी फुगवलेलं असलं, तरी खालचे सगळे भाग आपोआप निकालात निघतात. विरोधी बाकांवरच्या अनुभवी सदस्यांचे प्रश्न वाचले तर दिसतं, की पहिल्या भागात ते कधीच आवाज चढवत नाहीत. तिथे फक्त नाकारता न येणारी गोष्ट असते.

समोरचे पर्याय

दुसऱ्या अधिवेशनाआधी आमदारांच्या कार्यालयात बैठक झाली. सोसायटीचे दोन चेअरमन, एक निवृत्त मुख्याध्यापक, तात्या आणि दोन स्वीय सहायक. टेबलावर आलेले पर्याय मी इथे क्रमाने देत नाही, कारण बैठकीतही ते क्रमाने आले नाहीत.

तरुण मच्छीमारांना मोर्चा हवा होता. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, माणसं रिकामी असतात, गर्दी जमते. मोर्च्याने अधिकारी बदलतो किंवा निदान खाली येऊन निवेदन घेतो. पण वीजवाहिनीचं काम मोर्च्याने होत नाही, त्याला परवानग्या लागतात.

मुख्याध्यापकांचं म्हणणं, कोर्टात जावं. तिवरांच्या बाबतीत न्यायालयं कडक आहेत, त्यामुळे ही वाट उलटायची भीती होती. सप्टेंबर २०१८ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या, म्हणजे तिवरांच्या, तोडीवर बंदी कायम केली आणि सार्वजनिक हिताच्या कामासाठीही न्यायालयाची परवानगी घ्यावी लागेल असं सांगितलं. कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टाही राखायचा आहे. ज्या खाडीत खांब उभे करायचे, तिथे काठावर सगळी तिवरंच.

सभागृहातल्या मार्गांमध्ये लक्षवेधी सूचना (विधानसभेचा नियम १०५) सगळ्यांना मोहवत होती. मंत्र्याला निवेदन करावं लागतं, सदस्य थेट प्रश्न विचारतात, वर्तमानपत्रात बातमी येते. पण लक्षवेधी मिळणं सोपं नसतं. ढीगभर सूचना येतात, त्यातून थोड्या निवडल्या जातात. शिवाय ती एकाच मंत्र्याला उद्देशून असते. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर आणि उपप्रश्न मिळतात, पण क्रमांक वर लागला तर. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी येतं, गाजावाजा नसतो.

चौथा मार्ग जिल्हा नियोजन समितीचा. धक्क्याच्या पायऱ्यांसारखं काम तिथून लवकर होतं, सभागृहाची गरज नाही.

डिझेलच्या परताव्याबद्दल बैठकीत सर्वांत चांगली गोष्ट एका चेअरमननी सांगितली. त्यांचं म्हणणं, खात्याला जाब विचारून उपयोग काय, खात्याच्या हातात पैसेच नाहीत. बीडीएसवर, म्हणजे सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, निधी टाकलेलाच नाही. म्हणजे उत्तर कितीही चांगलं आलं तरी ‘निधी उपलब्ध होताच’ यापुढे जाणार नव्हतं. हा प्रश्न तरतुदीचा होता.

निर्णय

तीन गोष्टी वेगळ्या केल्या गेल्या आणि प्रत्येकीला वेगळं आयुध ठरलं. विजेसाठी तारांकित प्रश्न. एलईडीसाठी लक्षवेधी, तीही किनाऱ्यावरच्या इतर आमदारांच्या सह्या घेऊन, पक्ष न पाहता. डिझेलसाठी पुरवणी मागण्यांवर, म्हणजे सरकार वर्षाच्या मधे मागतं त्या जादा तरतुदींवर, बोलायचं, आणि त्याआधी वित्त खात्याला लेखाशीर्षासकट (अर्थसंकल्पात तो खर्च ज्या नोंदीखाली येतो तिच्यासकट) पत्र द्यायचं. धक्का जिल्हा नियोजनाकडे.

कागदावर हा निर्णय शहाणपणाचा दिसतो, आणि बऱ्याच अंशी होताही. पण त्यात एक गोष्ट न बोलता ठरली. लक्षवेधीच्या मसुद्यात आधी ‘पर्ससीन व एलईडी’ असं होतं. अंतिम मसुद्यात पर्ससीन नव्हतं. या बंदरांत पर्ससीनच्या नौका आहेत, त्यांचे मालक मतदार आहेत, त्यातले काही निवडणुकीत आमदारांच्या बाजूने राबले होते. एलईडीच्या विरोधात मात्र जवळजवळ सगळेच होते, कारण दिवे लावणाऱ्या नौका बहुतेक बाहेरच्या, असं सगळ्यांचं ठाम मत. रापणकरांना ही गाळणी कळली तेव्हा ते भडकले. त्यांच्या मते, दिवे हा रोगाचा एक भाग. हंगाम संपल्यावरही टाकलं जाणारं बारीक आसाचं, म्हणजे लहान छिद्रांचं, जाळं हा दुसरा.

माझं मत असं, की गाळणी चुकीची नव्हती, पण ती उघडपणे सांगायला हवी होती. एका सूचनेत दोन्ही घातलं असतं तर चर्चा परवान्यांच्या भांडणात गेली असती. पर्ससीनवर स्वतंत्र प्रश्न पुढच्या अधिवेशनात टाकू, असं रापणकरांना आधीच सांगितलं असतं, तर त्यांचा विश्वास राहिला असता. ते सांगितलं गेलं नाही, आणि तो प्रश्नही पडला नाही.

तांडेलाची वही

लक्षवेधीची तयारी करताना आमदारांनी एक काम फार नेटकं केलं. राज्याची हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. त्यापुढे केंद्राचा अंमल. एलईडीचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं असतं: या नौका १२ मैलांच्या पलीकडे मासेमारी करतात, ती हद्द राज्याची नाही. हे उत्तर येणारच, असं गृहीत धरून त्यांनी दोन तांडेलांना, म्हणजे होडीच्या प्रमुखांना, सांगितलं, दिवा दिसला की जीपीएसवरचा आकडा लिहून ठेवा.

त्यातल्या एका तांडेलाने शाळेची दोनशे पानी वही घेतली. पानं खाऱ्या हवेने फुगून कुरकुरीत झालेली, कडांना डिझेलचे डाग. डाव्या बाजूला तारीख आणि वेळ, मधे अक्षांश-रेखांश, उजव्या बाजूला ‘दोन दिवे’, ‘पाच दिवे, एक मोठी’, ‘वारा, परत आलो’ अशा नोंदी. सुवाच्य नव्हत्या, पण खोट्याही नव्हत्या. कार्यालयातल्या मुलीने त्या नकाशावर बसवल्या. बऱ्याचशा खुणा १२ मैलांच्या आत पडल्या.

सभागृहात मंत्र्यांच्या छापील निवेदनात अपेक्षित तेच होतं: गस्त सुरू आहे, कारवाया झाल्या, २०२१ च्या सुधारणेनुसार पाच ते वीस लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे, १२ मैलांपलीकडे केंद्राशी समन्वय साधला जात आहे. आमदारांनी भाषण केलं नाही. त्यांनी नकाशाची प्रत सभागृहात मांडू देण्याची विनंती केली आणि दोनच प्रश्न विचारले. या जिल्ह्यासाठी असलेली गस्ती नौका या तारखांना समुद्रात होती का? आणि परवाना अधिकाऱ्याला नौका पकडून बंदरात आणायची झाली तर त्याच्यासोबत पोलीस असतात का?

पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर आलं नाही, माहिती घेऊन सांगतो असं म्हटलं गेलं. दुसऱ्या प्रश्नावर मात्र विरोधी बाकांवरच्या दोन आणि सत्ताधारी बाकांवरच्या एका सदस्याने आपापल्या जिल्ह्यातली उदाहरणं दिली. सह्या गोळा करताना पक्ष न पाहिल्याचा इथे फायदा झाला. सत्ताधारी सदस्याने तेच बोलल्यावर विषय राजकीय आरोपात ढकलून द्यायची सोय राहिली नाही. शेवटी पोलीस बंदोबस्तासह संयुक्त गस्तीचं आश्वासन मिळालं.

विजेचा प्रश्न, दुसऱ्यांदा

विजेचा नवा प्रश्न निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिला. पहिला भाग: वादळात खाडी ओलांडणारी वाहिनी कोसळल्यानंतर तात्पुरती जोडणी केली असून कायमस्वरूपी वाहिनीचे काम अद्याप सुरू झालेले नाही, हे खरे आहे काय? दुसरा भाग: असल्यास, कायमस्वरूपी वाहिनीचा प्रस्ताव कोणत्या दिनांकास कोणत्या कार्यालयास सादर झाला व सध्या तो कोठे प्रलंबित आहे?

त्या दिवशी प्रश्नोत्तराचा तास गोंधळात वाहून गेला. क्रमांक लागलाच नाही, उपप्रश्न गेले. पण छापील यादीत उत्तर होतं: “(१) हे अंशतः खरे आहे. (२) प्रस्तावित वाहिनी कांदळवन क्षेत्रातून जात असल्याने सक्षम प्राधिकरणांची परवानगी घेण्याची कार्यवाही सुरू आहे.”

‘अंशतः खरे’ म्हणजे खात्याने दार किलकिलं केलं. पण दिनांक दिला नव्हता, कार्यालयाचं नाव दिलं नव्हतं. इथे निर्णयाचा खरा क्षण आला. कार्यकर्त्यांना वाटलं, सरकारने कबूल केलं, बॅनर लावू. आमदारांनी बॅनर लावू दिला नाही आणि नियम ९४ खाली अर्धा तास चर्चेची सूचना दिली. उत्तरात खुलासा अपुरा असला की ही सूचना देता येते.

ती चर्चा दिवसाचं बाकी कामकाज संपल्यावर, रात्री उशिरा झाली. बाकं रिकामी, पत्रकार कक्षात एकटा माणूस. अशा वेळी मंत्री मोकळेपणाने बोलतात, कारण टाळ्या घ्यायच्या नसतात. आमदारांनी घारापुरीचं उदाहरण दिलं. मुंबईच्या उशाशी असलेल्या त्या बेटावरची तिन्ही गावं, शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर, स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं संध्याकाळच्या तीन-चार तासांच्या जनरेटरवर जगली. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून तिथे कायमची वीज गेली, साधारण पंचवीस कोटी खर्च आला. समुद्र ओलांडता येतो, तर ही खाडी केवढी?

उदाहरण प्रभावी होतं, पण मंत्र्यांनी ते सहज बाजूला केलं. घारापुरीत जगप्रसिद्ध लेणी आहेत, पर्यटन आहे. शंभर घरांसाठी समुद्राखालची केबल परवडत नाही. मग आमदारांनी विचारलं, ठीक आहे, केबल नको, वरून तार न्या. त्याचा प्रस्ताव आज, या घडीला, कोणाच्या टेबलावर आहे?

अधिकारी दीर्घिकेतून चिठ्ठी आली. उत्तर असं निघालं, की परवानगीचा प्रस्ताव न्यायालयात तर सोडाच, पर्यावरणाच्या प्राधिकरणाकडेही गेलेला नव्हता. कांदळवनाची हद्द दाखवणारा संयुक्त मोजणीचा नकाशा नव्हता, म्हणून तो उपविभागीय कार्यालयातच थांबला होता. महसूल, वन आणि वीज कंपनी या तिघांनी एका ओहोटीला एकत्र होडीत बसून मोजणी करायची होती. ती तारीख कधी जुळलीच नव्हती.

मंत्री म्हणाले, “यात मी लक्ष घालतो.” आमदारांनी आभार मानून खाली बसायचं, असा प्रघात आहे. ते बसले नाहीत. मोजणीची तारीख मागितली. एका महिन्यात संयुक्त मोजणी करू, असं उत्तर घेऊनच बसले.

निष्पत्ती

मोजणी झाली, महिन्यात नाही पण पावसाळ्याआधी. मोजणीला तात्यांचीच होडी लागली. नकाशा आल्यावर कळलं, की दोन्ही काठांवर उंच मनोरे तिवरांच्या पट्ट्याबाहेर उभे केले आणि दोन मनोऱ्यांमधला गाळा (अंतर) लांब ठेवला, तर एकही झाड तोडावं लागत नाही. म्हणजे ज्या तोडीच्या परवानगीचं कारण इतके दिवस दिलं जात होतं, तिची गरजच उरली नाही. किनारा नियमन क्षेत्राची मान्यता तेवढी लागली. ती मिळाल्यावर वाहिनी उभी राहिली, रोहित्रही मोठं बसलं. पंखे फिरू लागले.

डिझेलचा मागच्या वर्षाचा परतावा पुरवणी मागण्यांत तरतूद झाल्यावर सोसायट्यांकडे आला. चालू वर्षाचा पुन्हा अडकला. चेअरमन म्हणतात ते खरं आहे: दर वर्षी मूळ अर्थसंकल्पात कमी दाखवायचं आणि पुरवणीत भरायचं, ही पद्धत मोडली नाही तोवर परतावा नेहमी एक वर्ष मागेच चालणार.

संयुक्त गस्त सुरू झाली, काही नौका पकडल्या गेल्या, हंगामाच्या शेवटी गस्त पातळ झाली. तांडेलाने वही चालू ठेवली आहे. रापणकर आमदारांच्या कार्यालयात आता क्वचित येतात.

धक्का बांधला गेला. सिमेंटच्या सुबक पायऱ्या, रेलिंग, नामफलक. उद्घाटनाच्या दिवशी भरती होती, सगळ्यांची भाषणं झाली. चार तासांनी आमदारांची परत जायची वेळ झाली तेव्हा पाणी उतरलं होतं आणि शेवटची पायरी चिखलात टेकली होती. होडी वीस-पंचवीस पावलं लांब. तात्या म्हणाले, “भाई, धक्को बांधलात तो बरोच केलात. पन सुकतीक होडी खय लावू?” आमदार चपला हातात घेऊन गुडघाभर चिखलातून गेले. तेवढं तरी त्यांनी केलं. सोबतचे काही पाहुणे भरतीची वाट पाहत देवळात बसून राहिले.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं वर्ष वाचवता आलं असतं. मोजणीचा नकाशा नाही, ही गोष्ट माहितीच्या अधिकारातल्या एका अर्जानेही बाहेर आली असती. सभागृहात प्रश्न टाकण्याआधी फाइल कुठे आहे हे शोधून काढणं कंटाळवाणं काम आहे, त्याची बातमी होत नाही. पण फाइलचा पत्ता आधी कळला असता, तर पहिल्याच प्रश्नात मोजणीची तारीख मागता आली असती.

धक्क्याचं काम सगळ्यांत सोपं म्हणून सगळ्यांत कमी लक्ष देऊन केलं गेलं. सभागृहात वाहून गेलेल्या तासांपेक्षा मला ही चूक मोठी वाटते, कारण इथे अडवणारं कोणी नव्हतं. जागा ठरवायला आलेल्या अभियंत्याने भरतीच्या वेळी पाहणी केली. तात्या तेव्हा तिथेच होडीत बसले होते. त्यांना कोणी विचारलं नाही, आणि बैठकीला ते आले होते तेव्हाही चर्चा विजेवरच चालली होती. आता पायऱ्या पुढे वाढवायच्या तर गाळात पाया घ्यावा लागेल, खर्च मूळ कामापेक्षा जास्त होईल. तरंगता तराफा हा स्वस्त पर्याय दिसतो, त्याची देखभाल कोण करणार हे मात्र आधी ठरवावं लागेल.

आश्वासनांच्या पाठपुराव्यात कार्यालयाने एक सवय लावून घेतली, ती इतरांनीही उचलावी अशी आहे. मंत्र्याने सभागृहात शब्द दिला, की कामकाजाच्या वृत्तांताची असुधारित प्रत मिळवायची, नेमकं वाक्य शोधायचं आणि दिलेले शब्द पाळले जातात का हे पाहणाऱ्या आश्वासन समितीच्या सचिवालयाला पत्र द्यायचं. ‘लक्ष घालतो’ हे वाक्य पुष्कळांना पोकळ वाटतं, पण लोकसभेत आश्वासन म्हणून धरल्या जाणाऱ्या वाक्यांच्या यादीत त्या अर्थाचं वाक्य आहे. गस्तीचं आश्वासन मात्र तसं नोंदवलं गेलं नाही; लक्षवेधी गाजली, पेढे वाटले गेले, आणि वृत्तांत मागवायचा राहिला. विजेच्या वेळी बॅनर लावू दिला नाही, तसंच इथेही करायला हवं होतं.

होडीचा प्रश्न तर कधी विचारलाच गेला नाही. खाडी ओलांडणारी ही एकमेव सेवा सत्तरी ओलांडलेल्या एका माणसाच्या खांद्यावर चालते. इंजिन त्यांचं, डिझेल त्यांचं. आणि ती प्रवासी होडी असल्याने मासेमारी नौकेचा डिझेल परतावाही तिला नाही. अंतर्देशीय जलयानांसाठी २०२१ चा केंद्राचा कायदा आला, त्यात नोंदणी, तपासणी, विमा सगळं आहे; ते सगळं तात्यांनी एकट्याने कसं पाळायचं, याचं उत्तर कोणत्याच खात्याने दिलेलं नाही. पुढच्या अधिवेशनासाठी कार्यालयाने तयार केलेल्या यादीत हा प्रश्न आता वर आला आहे. मसुद्यावर एकच वाद चालू आहे: तो बंदरांच्या मंत्र्यांना विचारायचा, की ग्रामविकासाच्या. मुख्याध्यापकांचं म्हणणं, आधी दोन्हीकडे साधं पत्र टाकून बघू, ‘हा विषय आमच्याकडे नाही’ असं कोण आधी कळवतं.